पिळलेला अ‍ॅक्सल आणि वाकलेला दांडा

मंडळी, या वीकेंडला जरा ऑइल-ग्रीसचा विषय. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या माणसाला अधूनमधून असे झटके येतात, समजून घ्या. :-)

परवा रात्री जुन्या गाड्यांची चित्रं बघत बसलो होतो. त्यात फोर्ड कंपनीच्या सुरुवातीच्या काळातलं एक जाहिरातीचं चित्र परत समोर आलं. मॉडेल टी गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल, आणि तो चक्क पिळलेला! म्हणजे आपण ओला टॉवेल पिळतो ना, तसा. गरम करून नाही, थंडच पिळलेला. आणि एवढं करूनही कुठे तडा नाही. सांगायचं काय, तर बघा आमचं पोलाद किती चिवट आहे.

कॉलेजात पहिल्यांदा हे चित्र पाहिलं तेव्हा मी जाम खूश झालो होतो. आता तेच चित्र बघताना मात्र एक वेगळाच प्रश्न डोक्यात येतो. रस्त्यावर गाडीचा अ‍ॅक्सल पिळणार आहे कोण?

आधी थोडी पार्श्वभूमी. मॉडेल टी बाजारात आली ऑक्टोबर १९०८ मध्ये. वजन साधारण १२०० पौंड (आपले ५४० किलो), इंजिन २० हॉर्सपॉवरचं, किंमत ८५० डॉलर. आणि तेव्हाचे अमेरिकेतले रस्ते? १९०४ साली सरकारने मोजदाद केली, तेव्हा देशात सुमारे २१.५ लाख मैल रस्ते निघाले. त्यातले जेमतेम ७ टक्के खडी वगैरे टाकून सुधारलेले. बाकी सगळी माती. पावसात चिखल, उन्हाळ्यात घोडागाड्यांच्या चाकोऱ्या. अशा रस्त्यावर गाडीचं जे काही व्हायचं ते सगळ्यात आधी पुढच्या अ‍ॅक्सलचं होणार.

यावरचा सरळ उपाय म्हणजे अ‍ॅक्सल जाड करा. पण हेन्री फोर्डला जाडीचा तिटकारा होता. १९२२ च्या आपल्या आत्मचरित्रात त्याने यावर बरंच लिहिलंय. वजन म्हणजे ताकद ही समजूतच त्याला खुळचट वाटायची आणि उदाहरणाला त्याने चक्क बैलगाडी घेतली आहे, की ती एवढी जड असते म्हणूनच कमकुवत असते. त्याच पुस्तकात तो एक गोष्ट सांगतो. १९०५ साली पाम बीचच्या शर्यतीत एका फ्रेंच गाडीचा चुराडा झाला. तिथे पडलेला व्हॉल्व्हचा एक छोटा तुकडा त्याने उचलला, तर तो फार हलका आणि फार चिवट. तपासून घेतला तेव्हा त्यात व्हॅनेडियम निघालं. आता ही गोष्ट तंतोतंत अशीच घडली का, देव जाणे, स्वतःच्या गोष्टी प्रत्येकजण रंगवूनच सांगतो. पण पुढचं खरं आहे. व्हॅनेडियम पोलादाचा जाणकार असलेल्या जे. केंट स्मिथ या इंग्रज धातुतज्ज्ञाची मदत झाली, फोर्डचा उजवा हात चाइल्ड हॅरल्ड विल्स मागे लागला आणि ओहायोतल्या कँटन गावच्या एका छोट्या पोलाद कंपनीत हे पोलाद तयार झालं. फोर्डच्याच आकड्यांप्रमाणे तेव्हाच्या नेहमीच्या अमेरिकन पोलादाची ताणशक्ती चौरस इंचाला ६० ते ७० हजार पौंड होती, व्हॅनेडियमने ती १ लाख ७० हजारांवर गेली.

अडीच पट! म्हणजे अ‍ॅक्सल बारीक ठेवूनही मजबूत. हे काम खरोखर ग्रेट होतं, त्यात वादच नाही. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम अ‍ॅक्सलच्या शेजारी होता.

मॉडेल टीच्या पुढच्या बाजूला एकच पाटा होता, तोही आडवा. आपल्याकडे ट्रकला दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने पाटे असतात, तसं नाही. एक आडवी कमान, मधोमध चासीला धरलेली, दोन टोकं अ‍ॅक्सलला. याचा फायदा मोठा. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं तरी अ‍ॅक्सल आपला तिरका होतो आणि चासीला पीळ बसत नाही. मॉडेल टी शेतातून, ओढ्यातून गेली ती यामुळेच.

पण लांबीच्या दिशेने बसवलेला पाटा आणखी एक काम गुपचूप करत असतो. तो अ‍ॅक्सलला पुढेमागे सरकू देत नाही. आडव्या पाट्याला ते जमत नाही. मग ते काम कोणी करायचं? त्यासाठी फोर्डने दिला इंग्रजी व्ही अक्षरासारखा एक दांडा. त्याची दोन टोकं अ‍ॅक्सलला आणि मागचं टोक इंजिनाच्या खाली एका गोळ्याच्या सांध्यात. कोंबडीच्या छातीतल्या हाडासारखा आकार म्हणून त्याला विशबोन म्हणतात. चाक कशावरही आपटलं की अ‍ॅक्सलला मागे ढकलणारा सगळा धक्का या एका दांड्यावर. शिवाय अ‍ॅक्सलचा मागे झुकलेला कल राखायचं कामही त्याचंच, आणि या कलामुळेच पुढची चाकं आपोआप सरळ राहायला बघतात.

आता गंमत बघा. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये हा दांडा अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला जोडलेला होता. धक्का बसणार चाकाला आणि टेकू मात्र त्याच्या वर. दोन्ही एका रेषेत नाहीत. म्हणजे अ‍ॅक्सल नुसता मागे ढकलला जात नाही, तो स्वतःभोवती गोल फिरू बघतो आणि दांड्याला दाबतोही, वाकवतोही. दांडा वाकला की अ‍ॅक्सलचा कल गेला. कल गेला की चाकं सरळ राहायचं सोडून हवी तिकडे जायला लागतात. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग राहतं, गाडी मात्र त्याचं ऐकत नाही.

आणि इथे व्हॅनेडियमचा फारसा उपयोग नाही!

हे वाक्य परत वाचा. थर्ड इयरला आपण सगळ्यांनी ऑयलरचं सूत्र पाठ केलंय (आणि पेपर टाकून विसरलोय). १७४४ साली ऑयलरने दाखवलं, की लांब सडपातळ दांडा दाबाखाली कधी वाकेल हे त्याची लांबी, त्याच्या छेदाचा आकार आणि त्या मालाचा ताठपणा यावर ठरतं. मालाची ताणशक्ती त्या सूत्रात येतच नाही. आणि ताठपणाच्या बाबतीत स्वस्त पोलाद आणि महाग पोलाद जवळपास सारखंच. व्हॅनेडियम घालून पोलाद अडीच पट शक्तिमान होतं, अडीच पट ताठ होत नाही. आता विशबोन काही पुस्तकातला आदर्श दांडा नव्हे, त्यात वाकवणारं बलही आहे, त्यामुळे चांगल्या पोलादाचा थोडा फायदा होणार. पण मूळ दुखणं मालाचं नव्हतं, मांडणीचं होतं. दांडा कुठे जोडलाय आणि मध्ये किती लांबी बिनआधाराची आहे, हे ते दुखणं. सूत्रात लांबीचा वर्ग असतो, म्हणजे मध्ये एक आधार देऊन बिनआधाराची लांबी निम्मी केली तर तोच दांडा, तेच पोलाद, चौपट भार घेतं.

हे तेव्हा कळलं कोणाला? तर बाजाराला. मॉडेल टीसाठी बाहेरच्या छोट्या कारखानदारांनी शेकडो वस्तू विकायला काढल्या होत्या आणि त्यात पुढच्या अ‍ॅक्सलचे जादा टेकू होते. साधी चीज. अ‍ॅक्सलच्या खालच्या बाजूला पकडायचे आणि मागे नेऊन मूळ दांड्याला मिळवायचे असे दोन जास्तीचे दांडे. झाला त्रिकोण. गावातला कुठलाही लोहार पाना घेऊन बसवून देईल असं काम. गाडी घेणारा शेतकरी ८५० डॉलर फोर्डला द्यायचा आणि वर थोडे डॉलर या टेकूवाल्याला.

कारखान्याने शेवटी काय केलं? १९१९ च्या सुमारास विशबोन अ‍ॅक्सलच्या वरून काढून खाली जोडला. बस्स. नवीन धातू नाही की नवा शोध नाही. जोडायची जागा बदलली. पण तोपर्यंत दहा वर्षं गेली होती आणि जुन्या पद्धतीच्या पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर गेल्या होत्या.

माझं मत असं की पिळलेल्या अ‍ॅक्सलची जाहिरात खोटी नव्हती, पण घातक होती. तिने उत्तर बरोबर दिलं, फक्त ते कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं होतं. अ‍ॅक्सल तुटेल का? नाही तुटणार. पण गाडीत बसलेल्या माणसाला हवं होतं वेगळंच उत्तर, की चाक दगडावर आपटलं तर गाडी माझ्या ताब्यात राहील का? जो भाग सगळ्यात मजबूत तोच आपण कौतुकाने दाखवतो आणि मग सगळ्यांची नजर, कारखान्यातल्या लोकांचीसुद्धा, तिथेच खिळून राहते.

आता म्हणाल, याने हे आम्हाला का सांगितलं? सांगतो.

मागे एका प्रोजेक्टवर आमची सिस्टिम दर महिनाअखेरीला मान टाकायची. गोदामातल्या कामगारांचे ओव्हरटाइमचे तास त्यातून पगाराकडे जायचे. सिस्टिम बसली की ते तास दोन-दोन दिवस उशिरा चढायचे आणि तोवर पगाराचा हिशेब झालेला असायचा. म्हणजे त्या माणसाचे हक्काचे पैसे पुढच्या महिन्यावर. आम्ही काय केलं? सर्व्हर मोठा केला. मेमरी दुप्पट केली. लोड टेस्ट केली, झकास पास झाली, स्लाइडवर हिरवा ग्राफ लावला. आमचा पिळलेला अ‍ॅक्सल! पुढच्या महिनाअखेरीला सिस्टिम परत बसली.

कारण सगळ्या रिक्वेस्ट पुढे जाऊन एका जुन्या सर्व्हिसमधून जात होत्या आणि तिला एका वेळी ठरावीकच कनेक्शन घेता यायची. सर्व्हर जेवढा मोठा, तेवढा तिथला रेटा जास्त. आणि मला खरी लाज वाटली ती पुढे. सपोर्टमधल्या एका पोराने चार महिन्यांपूर्वीच स्वतःपुरती एक स्क्रिप्ट लिहिली होती. रात्री दर दोन तासांनी ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची. त्याच्या रात्रपाळीला सिस्टिम कधीच बसली नव्हती. आम्ही ते वाचून काय म्हणालो माहितीये? "परवानगी न घेता प्रॉडक्शनवर स्क्रिप्ट कशी चालवली?"

त्याला ओरडणाऱ्यांत मीही होतो. तो पोरगा म्हणजे आमचा टेकूवाला होता. आम्हाला जे दिसत नव्हतं ते त्याला रोज रात्री दिसत होतं, कारण फोन त्यालाच यायचे.

याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला दहा टेकू लावा असा नाही हं. फोर्डचं वजनाबद्दलचं म्हणणं मला अजूनही पटतं. सगळंच जाड केलं असतं तर ती गाडी चिखलातून निघाली नसती, स्वस्तही झाली नसती आणि १९२७ पर्यंत दीड कोटी खपलीही नसती. आडवा पाटा ही चूक नव्हती, हुशारी होती. पण एका भागाला एका कामातून सुट्टी दिली की ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जातं. कोणाच्या, आणि त्याला ते झेपतंय का, हे तेव्हाच विचारायला हवं.

एक शेवटचं. मॉडेल टी आजही हौशी लोक चालवतात आणि त्यांच्यात एक चर्चा रंगते. १९१९ च्या आधीच्या गाडीला जादा टेकू लावावा का? की गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी? अस्सलपणाचा आग्रह मला समजतो. म्युझियममध्ये उभी करायची असेल तर एक नटसुद्धा बदलू नका. पण घरच्यांना बसवून रस्त्यावर आणणार असाल तर टेकू लावाच. आणि त्यात अस्सलपणाला धक्का लागतो हेच मला मान्य नाही. त्या काळातल्या शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून तो लावला होता. तोही त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे, जाहिरातीच्या चित्राइतकाच.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करून बघा. तुमच्या सिस्टिमभोवती लोकांनी आपापल्या परीने काय काय बांधून ठेवलंय ते शोधा. कोणाची एक्सेल शीट, कोणाची रात्रीची स्क्रिप्ट, कोणाची "हे आधी दोनदा दाबायचं" अशी मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी. त्या माणसाला ओरडू नका. चहा पाजा आणि विचारा, की हे कधीपासून करतोयस आणि नाही केलं तर काय होतं?

आम्ही त्या पोराला विचारलं, पण चार महिने उशिरा. ज्यांचे ओव्हरटाइमचे पैसे लांबले होते त्यांना ते मिळाले, पुढच्या महिन्यात. उशीर झाला म्हणून व्याज मात्र कोणी दिलं नाही.