ग्राम न्यायालय कागदावरून गावात कधी येणार?

विहिरीचे पाणी, सामाईक कुरण किंवा थकवलेले किमान वेतन यावरून वाद झाला, की गावातला माणूस तालुक्याच्या कोर्टाची वाट धरतो. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते आणि हाती येते ती पुढची तारीख.

याच माणसासाठी संसदेने ग्राम न्यायालय अधिनियम, २००८ केला. २ ऑक्टोबर २००९ पासून तो लागू आहे. पंचायत समितीच्या पातळीवर न्यायालय असावे, न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावात जाऊन सुनावणी घ्यावी, दिवाणी वादात आधी समेटाचा प्रयत्न करावा, दावा सहा महिन्यांत निकाली काढावा आणि कामकाज शक्यतो राज्याच्या भाषेत चालावे, असे हा कायदा सांगतो.

मग अडले कुठे? कलम ३ मध्ये. राज्य सरकार अशी न्यायालये स्थापन ‘करू शकेल’, असे तिथे म्हटले आहे. ‘करील’ असे नाही. केंद्राने एका न्यायालयासाठी एकदाच १८ लाख रुपये आणि पहिली तीन वर्षे थोडा चालू खर्च देऊ केला. पुढचा भार राज्यांवर आला आणि बहुतेकांनी हात आखडता घेतला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना अधिसूचना काढण्यास सांगावे लागले. तरीही अशी न्यायालये मोजकीच आहेत. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : कायद्यात दुरुस्ती करून ही जबाबदारी बंधनकारक करावी.

तरुणांनो, कलम ६ ही वाचा. न्यायाधिकारी नेमताना अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि राज्य सरकार अधिसूचित करील अशा इतर समाजघटकांना प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपले नाव त्यात यावे ही मागणी जरूर करू; पण पात्र उमेदवार आपल्याकडे हवेत. न्यायाधिकाऱ्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पात्रता लागते. मे २०२५ च्या निकालानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. कायद्याची पदवी घेऊन घरी बसलेल्यांनी उद्याच तालुका कोर्टाची पायरी चढावी.

न्याय स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या विरोधात जात असला तरी त्यावर ठाम राहा, अशी कुरआनची शिकवण आहे (४:१३५). म्हणूनच ही मागणी केवळ मुस्लिम मोहल्ल्याची नाही. येत्या ग्रामसभेत सर्व समाजांच्या सह्यांनी ठराव मांडा : आमच्या तालुक्याला ग्राम न्यायालय हवे.