पाचकरसांचा सब्र

रमजानमध्ये मगरीबच्या आधी तासभर बारामती आणि इंदापूरच्या बाजारात जी लगबग असते, ती सगळ्यांच्या ओळखीची आहे. खजुराचे ढीग, कलिंगडाच्या फोडी, कढईत तळली जाणारी भजी आणि समोसे. रात्री तरावीह संपली की त्याच रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात आणखी एक छोटी गर्दी होते. "पोट जड झालंय, काहीतरी द्या," एवढे म्हटले की पाचक सिरपची बाटली किंवा गोळ्यांची पट्टी हातात येते. घेणाऱ्याची समजूत अशी, की दिवसभर उपाशी राहिल्याने पोटातले रस आटतात आणि ते बाहेरून भरून काढावे लागतात. ही समजूत केवळ रोजेदारांची नाही. नवरात्र, एकादशी, श्रावणी सोमवार सुटला की तीच बाटली त्याच कारणासाठी दुसऱ्या घरातही उघडते. समजूत चुकीची आहे. तिच्यामुळे गरज नसलेली माणसे हे औषध घेत राहतात. आणि ते सगळे उगाचच असते असा ग्रह झाला, की ज्यांना त्याची खरोखर गरज आहे तेही कधी कधी ते सोडून देतात. ही दुसरी चूक फार महागात पडते.

पोटातले हे रस म्हणजे नेमके काय, हे या दोन तालुक्यांत उसावरून चांगले कळते. गेली काही वर्षे रमजान गाळपाच्या हंगामात येतो आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. कारखाना कोणताही असो, तोडलेला ऊस दोन-चार दिवस उन्हात पडून राहिला तर उतारा घटतो, हे ऊस पिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. पाणी उडून वजन घटते हे डोळ्यांना दिसते. पण साखर कुठे जाते? उसाच्या अंगातच इन्व्हर्टेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ऊस तुटला की ते साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करत सुटते: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. जंतूही त्यात हातभार लावतात. दोन्ही तुकडे गोडच असतात, पण त्यांचा दाणा धरत नाही. साखरेऐवजी ते मळीत जातात, वर उरलेल्या साखरेचा दाणा धरण्यातही अडथळा आणतात.

माणसाच्या लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचे विकर असते. तेही साखरेचे हेच दोन तुकडे करते. कारखान्याचे जे नुकसान, तीच पोटाची गरज. साखरेचा अख्खा रेणू आतड्यातून रक्तात जाऊच शकत नाही, त्याचे तुकडेच जातात. आता इफ्तारच्या खजुराकडे पाहावे. खजूर झाडावर पिकत असताना त्यातले इन्व्हर्टेज हे काम आधीच उरकून टाकते. बहुतेक मऊ खजुरांतली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज याच रूपात असते. म्हणजे तेरा-चौदा तासांच्या रोजानंतर जी पहिली गोष्ट तोंडात जाते, तिच्या साखरेसाठी पोटाला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. खजुराने रोजा सोडणे सुन्नत आहे. त्यामागे रसायनशास्त्राचा आधार शोधण्याची श्रद्धावंताला गरज नाही. पण ज्या शेजाऱ्याला नेहमी प्रश्न पडतो की खजूरच का, त्याला एवढे सांगता येईल. मधुमेह असलेल्यांनी मात्र याचा उलटा अर्थ ध्यानात घ्यायचा. जी साखर पचवावी लागत नाही, ती रक्तातही लवकर चढते. एका खजुरावर थांबायचे की दोन घ्यायचे, हे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवलेले बरे.

विकरांचा स्वभाव असा, की प्रत्येकाचे काम एकच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1894 मध्ये त्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पिठाचे तुकडे करणारे विकर मांसाला हात लावत नाही आणि मांसाचे विकर तुपाकडे बघत नाही. काम करून विकर स्वतः संपत नाही, पुढच्या रेणूकडे वळते. पण त्याला आजूबाजूची आम्लता आणि उष्णता बेताची लागते, आणि वेळही लागतो.

भाकरीचा घास चावताना थोड्या वेळाने गोडसर लागतो, ते लाळेतल्या अमायलेजमुळे. घास जठरात पोचला की तिथल्या आम्लात अमायलेज थंडावते आणि मांस, डाळ, अंडे यांतल्या प्रथिनांवर पेप्सिनचे काम सुरू होते. पेप्सिनला तेच आम्ल हवे असते. पुढे लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. खरी पचनशाळा हीच. निरोगी माणसाचे स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटर रस सोडते. त्यात पिठासाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन आणि चरबीसाठी लायपेज असते. शिवाय जठरातून आलेले आम्ल शमवणारा क्षारही असतो. यकृतातून पित्त येते. बोलताना छातीतल्या जळजळीला 'पित्त झालं' म्हणतात, ती जळजळ बहुधा जठरातल्या आम्लाची असते. खरे पित्त म्हणजे काही विकर नव्हे. भांड्यावरच्या तेलकटपणाला साबण जे करतो तेच पित्त चरबीला करते: तिचे बारीक थेंब करते, म्हणजे लायपेजला ते हाताळता येतात. शेवटचे तुकडे आतड्याच्या अस्तरावर होतात आणि तिथूनच रक्तात जातात.

ट्रिप्सिनची एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. प्रथिने कापणारे हे हत्यार जर स्वादुपिंडातच धारदार झाले तर ते स्वादुपिंडालाच कापेल. म्हणून ते तिथे बोथट रूपात साठवलेले असते आणि आतड्यात उतरल्यावर तिथले दुसरे एक विकर त्याला धार लावते. ही व्यवस्था बिघडली की तीव्र स्वादुपिंडदाह होतो. पित्ताशयातले खडे आणि दारू ही त्याची सर्वांत मोठी कारणे आहेत. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी असह्य कळ आणि उलट्या असे त्याचे रूप असते. त्या वेळी पाचक सिरप पाजत घरी थांबणे म्हणजे जिवाशी खेळ. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठावा.

तर मग रोजामध्ये हे रस आटतात का? नाही. लाळ कमी होते, म्हणून दुपारनंतर तोंड कोरडे पडते. पण जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या पेशींत विकरे बारीक कणांच्या रूपात तयार ठेवलेली असतात आणि अन्नाची वर्दी येईपर्यंत तशीच राहतात. ही वर्दी पोचवणारे एक संप्रेरक, सिक्रेटिन, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1902 मध्ये शोधले. जठरातले आम्ल आतड्यात उतरले की आतड्याचे अस्तर ते रक्तात सोडते आणि स्वादुपिंड कामाला लागते. त्याआधी वासाने, चवीने, नुसत्या अजानची वाट पाहण्यानेही थोडे रस पाझरू लागतात. उपाशीपणी पोटात जो गुडगुड आवाज येतो, त्यालाही लोक अशक्तपणा समजतात. प्रत्यक्षात रिकाम्या जठर-आतड्यातून दीड-दोन तासांनी झाडलोटीच्या लाटा जात असतात, हा त्यांचाच आवाज. खाणे चालू असले की ही झाडलोट थांबते. शिवाय शरीराने शिल्लकही मोठी ठेवली आहे. स्वादुपिंडाची विकरे बनवण्याची ताकद साधारण 90 टक्के गेल्यावर शौचात न पचलेली चरबी दिसू लागते. महिनाभराच्या रोजांनी निरोगी माणसाची ही ठेव संपत नाही.

पोट जड होते ते निराळ्या कारणाने. जठराला दार आहे आणि ते आपल्या गतीने उघडते. चरबी जास्त असेल तर आतडे जठराला उलट निरोप पाठवते, की सावकाश सोड. पाच भजी, दोन समोसे, वर ग्लासभर थंड सरबत आणि लगेच मटण, हे सगळे पंधरा-वीस मिनिटांत आत गेले तर रस कमी पडत नाहीत, जागा आणि वेळ कमी पडतो. त्यात घास नीट चावलेला नसतो; आणि विकराला फक्त तुकड्याच्या पृष्ठभागावर काम करता येते, त्यामुळे मोठा तुकडा म्हणजे जास्त वेळ. मग तरावीहमध्ये रुकूत वाकताना आंबट ढेकर येतात, आणि दोष जातो रोजाला. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्या घरात जन्मली, तिथलीही हकीकत वेगळी नाही. खजूर आणि पाणी घेऊन मगरीबची नमाज पढायची आणि जेवायला नंतर बसायचे, ही अनेक घरांतली जुनी रीत पोटाला तेवढीच सवड देते. ती रीत मागे पडून दस्तरखानावर एकदाच सगळे मांडण्याची पद्धत आली, आणि बाटलीही तिच्या मागोमाग आली.

स्वयंपाकघराला ही विद्या पूर्वीपासून ठाऊक आहे. कबाबाच्या मटणाला कच्च्या पपईचा वाटलेला गर लावतात तो त्यातल्या पपेनसाठी. पपेन मांसाची प्रथिने चुलीवर चढण्याआधीच सैल करते. गर जास्त झाला किंवा रात्रभर तसाच ठेवला की मांसाचा लगदा होतो. प्रमाण चुकले की विकर काय करते हे तिथे बोटाला कळते. सहेरीच्या भाकरीचाही असाच एक गुण. ज्वारी शिजल्यावर तिच्यातली प्रथिने एकमेकांत अडकतात आणि पेप्सिनला सहज दाद देत नाहीत, पीठही गव्हाच्या मानाने सावकाश सुटते. म्हणून सहेरीला पावापेक्षा भाकरी आणि डाळ दुपारपर्यंत जास्त आधार देते. जिरायत पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळे शिकवायची गरज पडली नव्हती.

आता त्या बाटलीविषयी. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी अमेरिकेत 1894 मध्ये बुरशीपासून मिळवलेल्या डायस्टेजचे पेटंट घेतले आणि ते पाचक औषध म्हणून जगभर खपले. आजच्या सिरपांत बहुधा तेच बुरशीजन्य डायस्टेज असते, कशात पेप्सिन, कशात पपेन. निरोगी पोटात यांची भर म्हणजे भरलेल्या विहिरीत तांब्याभर पाणी. अनेक सिरपांत साखर असते, ती मधुमेह्याने वाचून घ्यावी. रोज रात्री ज्याला बाटली लागते, त्याने ती बदलून पाहण्यापेक्षा इफ्तारचे ताट बदलून पाहावे; आणि वजन उतरत असेल, शौचास तेलकट, तरंगणारी, दुर्गंधीची होत असेल किंवा काळी होत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

काहींच्या बाबतीत मात्र विहीर खरोखरच आटलेली असते. जुनाट स्वादुपिंडदाह झालेले, स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेले, सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेली मुले. त्यांना डॉक्टर पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल देतात. आत बारीक दाणे असतात आणि त्यांवर जठराच्या आम्लात न विरघळणारे आवरण असते, कारण विकर हेसुद्धा प्रथिनच. उघडे गेले तर जठरातच त्याचा निकाल लागेल. या कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायच्या असतात, दोन तास आधी किंवा नंतर घेतल्या तर अन्नाशी त्यांची गाठच पडत नाही. ज्यांना डॉक्टरांनी रोजाची परवानगी दिली असेल, त्यांनी त्या सहेरीच्या आणि इफ्तारच्या घासाबरोबर घ्याव्यात आणि मात्रा विचारून घ्यावी.

अडचण पुढे आहे. पॅन्क्रिएटिन जवळपास सगळीकडे डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. मुसलमान रुग्णाला हे कळले की तो गोंधळतो, शाकाहारी जैन किंवा वारकरी घरातल्या रुग्णालाही प्राणिजन्य म्हटल्यावर तोच पेच पडतो. काही जण कोणाला न विचारता औषध बंद करतात. खाल्लेले अंगी लागत नाही, जीवनसत्त्वे उतरतात, हाडे ठिसूळ होतात, आणि घरचे म्हणतात रोजा झेपला नाही. शरीयतची भूमिका इथे कठोर नाही. दुसरा तितका गुणकारी इलाज नसेल आणि जीव किंवा आरोग्य धोक्यात असेल, तर 'जरूरत'च्या कायद्याने असे औषध घेता येते, हे मत उलेमांत सर्वमान्य म्हणावे इतके रुळलेले आहे. आजाऱ्याला रोजाची सूट तर कुरआनमध्ये सूरह बकरातच आहे. हे मशिदीत जुम्म्याच्या बयानात स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. आणि कॅप्सूल लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही तिचा उगम न विचारता सांगावा. रुग्णाला ते नंतर नातेवाइकाच्या मोबाईलवरून कळण्यापेक्षा दवाखान्यात कळलेले केव्हाही चांगले.

ईद आली की प्रश्न दुधाचा. शिरखुर्म्याची वाटी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाते. या दुधाच्या पट्ट्यात हे सांगायला धीर लागतो, पण मोठेपणी दुधातली साखर फोडणारे लॅक्टेज अनेकांत कमी होत जाते. भारतात असे लोक पुष्कळ आहेत. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू ती आंबवतात, मग पोट फुगते, जुलाब होतात. अशांना लहान वाटी जेवणानंतर घेतली तर बहुधा सोसते. दही तर चांगलेच सोसते, कारण विरजणातल्या जंतूंकडे स्वतःचे लॅक्टेज असते. दुकानात मिळणाऱ्या लॅक्टेजच्या गोळ्या आणि थेंब यीस्ट किंवा बुरशीपासून बनवतात. तेव्हा शेजारच्या काकूंनी शिरखुर्मा नको म्हटले तर घरच्यांनी रुसू नये. वाटीभर दहीवडे पाठवावेत.