कासावीस होणारे आईबाप भित्रे नव्हेत

‘पेण-रोह्याचे आईबाप पोरांना लष्करात धाडायला कचरतात,’ असे मागील अंकातल्या पत्रात ठोकून दिले आहे. पत्रलेखकाने रोह्यापुढे जरा माणगावपर्यंत जायला हरकत नव्हती. त्याच तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या जवानाचे वय होते 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हा इतिहास ठाऊक असलेल्या घरांना काळजी वाटणारच.

पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारा बाप पोराच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने त्याचे नाव काढतो, तेही दोनदा पुसून. आई लाडवांचा डबा भरते आणि ‘तिथं आत नेऊ देतील ना?’ एवढेच विचारते. पोराला मात्र कोणी थांबवत नाही.

आता काळजीत भर पडली आहे ती 2022 च्या अग्निपथ योजनेची. नोकरी चार वर्षांची. पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. उरलेल्यांनी गावी परतून करायचे काय, हा प्रश्न बाप विचारतो तेव्हा तो हिशेबी असतो, भित्रा नव्हे. पत्रलेखकाने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

— एक वाचक, रोहा