किरकिर पेडलची, बिल गिअरबॉक्सचे

जुन्या पिकअपच्या क्लच पेडलची किरकिर बहुतेक वेळा पेडलच्याच बुशातून येते. कामातल्या माणसाला हे सांगावे लागू नये. तरीही हळदीच्या हंगामात हिंगोली, वसमत, कळमनुरीकडून येणाऱ्या तक्रारींची धाटणी एकच असते. पेडल वाजू लागले, रिलीज बेअरिंग गेल्याचे सांगण्यात आले, गिअरबॉक्स उतरला. उघडलेच आहे तर म्हणून क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही नवी पडली. गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर निघाली आणि पेडल पुन्हा चीं-चीं करू लागले.

आवाज कुठला, हे ठरवायला गाडीखाली झोपण्याचीही गरज नाही. इंजिन बंद ठेवून पेडल दाबावे. बंद इंजिनावर किरकिर आली तर फिरणाऱ्या बेअरिंगचा त्याच्याशी संबंध नाही. चालू इंजिनावर पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. सोडलेल्या पेडलवर ऐकू येणारी घरघर दाबल्यावर थांबत असेल तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. बंद इंजिनावरच आवाज असेल तर वायर क्लचमध्ये वायर आणि हायड्रॉलिकमध्ये पुश रॉडची क्लेव्हिस पिन पेडलपासून सोडवावी आणि नुसते पेडल हाताने वरखाली करावे. किरकिर कायम राहिली तर दोष बुश, शाफ्ट किंवा रिटर्न स्प्रिंगच्या आकड्यात असतो. थांबली तर वायर, मास्टर सिलिंडर किंवा फोर्क तपासावा. फोर्कचा पिव्होट बॉल कोरडा पडलेला असेल तर मात्र गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. पण अशा गाडीत बेल हाउसिंगवरचे रबरी बूट सहसा फाटलेले दिसते, आणि आवाजही पायापाशी नव्हे, खालून येतो. या सगळ्या तपासणीला एक पक्कड, एक टॉर्च आणि पेडल दाबायला एक पोरगा पुरतो.

बुश झिजण्याला हिंगोली जिल्ह्यात कारणही भरपूर मिळते. मार्चपासून हळद मोंढ्याकडे निघते. वाहनांची रांग लागली की चालक प्रत्येक गाडीभर अंतरासाठी क्लच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. गावाहून मोंढ्यापर्यंतच्या सगळ्या प्रवासात पेडल जेवढे हलत नाही, तेवढे या शेवटच्या टप्प्यात हलते. त्यात उन्हाळ्याची धूळ आणि पोत्यांतून उडालेली हळदीची भुकटी. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती वाहणाऱ्या गाडीचा बुश काढला तर हळदीचे दुसरेच रूप पाहायला मिळते. शाफ्टवर पिवळट काळा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत लेप बसलेला असतो. हा लेप तयार होतो तो गॅरेजमध्येच मारलेल्या जळक्या ऑइलमुळे. ऑइल मारले की आवाज आठवडाभर थांबतो, मग तेच ऑइल धूळ धरून ठेवते आणि बुश खात बसते. स्प्रेची गतही वेगळी नाही. शाफ्ट बाहेर न काढता केलेली कोणतीही दुरुस्ती ही फक्त तारीख पुढे ढकलणे आहे.

खरे दुखणे पुढे, स्पेअरच्या काउंटरवर सुरू होते. बुश सुटा मिळत नाही. जुन्या मॉडेलसाठी ‘पूर्ण पेडल असेम्ब्ली घ्या’ हे ठरलेले उत्तर. बोटाच्या पेराएवढा नायलॉनचा तुकडा झिजला म्हणून धडधाकट लोखंडी पेडल आणि ब्रॅकेट भंगारात घालायचे, असा हा व्यवहार आहे. वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला, त्याचे स्वागत झाले. पण जी वस्तू काउंटरवर ठेवलेलीच नाही, तिच्यावरचा कर कमी होऊन गॅरेजवाल्याच्या हाती काय पडणार?

कागदावर उपाय पुष्कळ आहेत. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण अपिलांत गेले आणि काउंटरवरचे उत्तर जिथल्या तिथे राहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. पोर्टलवर कंपन्यांची माहिती मिळते, सेवा केंद्रांचे पत्ते मिळतात. पंधरा वर्षांच्या पिकअपचा बुश सुटा मागणाऱ्याला त्या पत्त्यावर गेल्यावर पुन्हा असेम्ब्लीच दाखवली जाते. दुरुस्तीचा हक्क म्हणजे सेवा केंद्राचा फोन नंबर, अशी समजूत दिल्लीत रुजली असावी.

तक्रार करायची म्हटले तर आणखी एक गंमत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. म्हणजे ज्याला बुशाचे माप कळते, ज्याच्या हातात तुटका भाग आहे, तो मेकॅनिक तक्रारीला अपात्र ठरण्याची भीती. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वस्तू वापरणाऱ्याला कायद्याने सवलत दिली आहे, त्यामुळे स्वतःची पिकअप स्वतः चालवणारा मालक ग्राहक ठरू शकतो. त्याला मात्र पार्ट नंबर म्हणजे काय ते माहीत नसते.

यावर मार्ग एकच: दोघांनी मिळून अर्ज करावा. मेकॅनिकने मॉडेल, चासी नंबर आणि हवा असलेला भाग स्वच्छ लिहून द्यावा, विक्रेत्याकडून ‘सुटा भाग उपलब्ध नाही’ हे लेखी घ्यावे, आणि मालकाने स्वतःच्या नावाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. चहाच्या टपरीवरच्या शिव्यांना नोंदणी क्रमांक मिळत नाही.

गॅरेजवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. असेम्ब्लीचे नाव निघाले की त्यापेक्षा गिअरबॉक्सचे काम सोयीचे वाटते, कारण मजुरी मोठी. बुशाच्या कामाचे दोनशे-तीनशे मागायला जीभ रेटत नाही म्हणून हजारोंचे बिल करायचे, हे थांबले पाहिजे. बिलावर ‘पेडल बुश, खोलबांध’ अशी स्वतंत्र ओळ लिहून रास्त मजुरी घ्यावी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतेच. दिवे, ब्रेक, रिफ्लेक्टरची तयारी करताना त्याच वेळी पेडल शाफ्ट काढून साफ केला तर हंगामातली अर्धी गर्दी टळेल.

सुटा भाग मिळेपर्यंत लेथ आहे. तिथे जुना बुश नमुना म्हणून नेऊ नये. तो लंबगोल झालेला असतो आणि नवाही तसाच तासला जातो. शाफ्ट आणि पेडल दोन्ही न्यावीत. शाफ्टवर नख फिरवून पाहावे. नख अडले तर आधी शाफ्ट बदलावा, नाहीतर तो नवा बुशही कापतो. गनमेटलच्या बुशाला आतून ग्रीसची खोबण हवीच, कारण नायलॉन कोरडे बरेच दिवस निभावते, धातू निभावत नाही. ग्रीस लिथियमचे, बेताचे. स्प्रिंगच्या आकड्यांनाही ते लावावे. आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या वायरीत ऑइल सोडू नये, वाजत असेल तर वायर बदलावी. मास्टर सिलिंडरचे रबर ब्रेक फ्लुइडशिवाय दुसरे काहीही सोसत नाही. त्यात इंजिन ऑइल गेले की सील फुगते, आणि मग किरकिरीची जागा पेडल खाली बसण्याने घेतली जाते. बऱ्याच पिकअपमध्ये क्लच आणि ब्रेक या दोन्ही पेडलना एकच शाफ्ट असतो. तो काढला की ब्रेक पेडलही सुटते. म्हणून जोडताना ब्रेकच्या पुश रॉडला नवी स्प्लिट पिन घालावी, जुनी सरळ करून वापरू नये, आणि गाडी देण्याआधी ब्रेक दाबून मागचा लाल दिवा लागतो का ते पाहावे.