मंत्राची डबी बंद करा



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात ‘ध्वनी उपचार’ शिबिर झालं. शहरातून एक ताई आल्या होत्या. हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, पडदे ओढलेले, मंद दिवा आणि मधोमध सात वाट्या. आम्ही डोळे मिटून आडवं पडायचं. त्या लाकडी दांडी वाटीच्या कडेवरून गोल फिरवणार, घुंऽऽ असा आवाज निघणार, आणि त्या आवाजाने आपला सगळा ताण बाहेर पडणार. माणशी १५०० रुपये, बायका ३०. मी बी.कॉम. झालेली. ४५,००० चा हिशेब पडल्या पडल्याच झाला.

बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू! माझ्या शेजारची तर घोरायला लागली. पण मला सांगा, हे वाटीमुळे झालं, की एक तास कुणी चहा मागितला नाही, फोन वाजला नाही, कुकरची शिट्टी मोजावी लागली नाही, म्हणून झालं? ती वाटी नुसती उपडी ठेवली असती तरी आमच्यातल्या निम्म्याजणी झोपल्या असत्या.

शेवटी वाट्या विकायलाही काढल्या. एक ४५०० ला. हातात घेऊन पाहिली तर कासं. तांबं आणि कथील, दुसरं काय! माझ्या आजीच्या फडताळात काशाची वाटी होती. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून ती घासायची. त्या वाटीला कुणी तिबेटी म्हणत नव्हतं. परदेशात १९७० च्या दशकात या वाट्यांचं वेड पसरलं आणि आता तेच फिरून आपल्याला विकतात.

तरी माझं भांडण त्या ताईंशी नाही. त्या पोटापाण्याचं करतात. भांडण आपल्याशी आहे.

आपल्या घरात प्लगला लावायची ती छोटी मंत्राची डबी असते ना? सकाळी बटण दाबलं की रात्रीपर्यंत नवकार चालू. खाली मिक्सर, बाजूला टीव्ही, मधेच नातवाचा मोबाईल, आणि या सगळ्यावर नवकार. आपण समजतो घरात धर्म चालू आहे. धर्म नाही, वीज चालू आहे. माझ्याकडेही सहा वर्षं होती, म्हणून बोलते.

मंत्राचा शरीराला फायदा होतो का, हे लोकांनी मोजून पाहिलं आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि बौद्धांचा एक मंत्र म्हणवून घेतला. २००१ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. म्हणता म्हणता श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळली. स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की तोंड मिटून गुणगुणलं की नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साईड वायू शांत उच्छ्वासापेक्षा सुमारे १५ पट वाढतो. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. आता नीट वाचा. हे सगळं म्हणणाऱ्यावर आणि गुणगुणणाऱ्यावर मोजलेलं आहे. डबीने गुणगुणलं तर फायदा डबीच्या नाकाला!

(आणि यावरून कुणी बीपीची गोळी बंद करू नका. गोळीचं काम गोळी करते, लोगस्सचं काम लोगस्स.)

आपल्या काउसग्गात तर हे आधीपासून बांधून ठेवलेलं आहे. एक पद, एक श्वास. घड्याळ नव्हतं तेव्हा काळ श्वासावर मोजला जायचा, म्हणून रोजच्या प्रतिक्रमणात चार लोगस्सचा काउसग्ग. शरीर गप्प बसणार नाही हेही ठाऊक होतं. म्हणून काउसग्गाआधीच्या पाठात शिंक, खोकला, जांभई, ढेकर यांची सूट मागून ठेवलेली. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ मध्ये प्रेक्षाध्यान सुरू केलं. त्यातल्या महाप्राण ध्वनीत भुंग्यासारखं गुणगुणायचं असतं. हठयोगातली भ्रामरीही त्याच जातीची. कशालाच पंधराशे लागत नाहीत. ४८ मिनिटांची सामायिक फुकट आहे, हाच बहुतेक तिचा दोष.

आणि हे काही फक्त जैनांचं नाही. माझं माहेर पाचोऱ्याचं. लहानपणी शेजारच्या काकू पहाटे जात्यावर बसायच्या. ओवीच्या लयीत जातं फिरायचं, की जात्याच्या लयीत ओवी यायची, कोण जाणे. ऐकायला कुणीच नसायचं. सासूचं, भावाचं, मेलेल्या लेकराचं, जे कुणाला सांगता येत नाही ते सगळं तिथे सांगून मोकळं व्हायचं. जळगावच्या बहिणाबाईंची गाणी अशीच कामाच्या हाताबरोबर आली, लिहायला तर त्यांना येतच नव्हतं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, मनगटं सुटली. फार चांगलं झालं, कुणाला ते दळण परत हवंय? पण दळणाबरोबर बाईचा गळाही गेला, आणि तो गेला हे आपल्या लक्षातही आलं नाही.

माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा. सासूबाई शेवटचे चार दिवस अंथरुणावर होत्या. बोलणं जवळजवळ थांबलेलं. मी उशाशी मोबाईल ठेवला, नवकार लावला आणि बाजूला बसले. आपण मोठं काम केलं असं वाटत होतं. रात्री अडीचच्या सुमाराला नवकार मधेच तुटला आणि केसांच्या तेलाची जाहिरात लागली. सासूबाईंनी हात हलवला. मी घाईने फोन बंद केला. मग खोलीत काहीच आवाज नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणून मी लोगस्स सुरू केला आणि चौथ्या गाथेत अडले. चाळीस वर्षांची सून, बी.कॉम., आणि चौथी गाथा येईना. डबीला येत होतं ना! मी कशाला लक्षात ठेवू?

सासूबाईंचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण पुढचा शब्द त्यांनी दिला. चौथी इयत्तासुद्धा न शिकलेल्या, मरणाच्या दारातल्या त्या बाईने मला शब्द दिला आणि मी तो धरून पुढे गेले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्यानंतर मी डबी काढली आणि सगळं पुन्हा पाठ करायला बसले, शाळेतल्या मुलीसारखं, रोज एक गाथा.

आता डीजेचं. राग येणार असेल तर येऊ दे.

पर्युषणात एका मुलीने अठ्ठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. पारण्याच्या दिवशी वरघोडा काढला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर, आणि सिनेमाच्या चालीवर स्तवन. पोर दोन्ही कानांवर हात ठेवून गाडीत बसलेली. कुणीतरी म्हणालं, लाजतेय. लाजत नव्हती हो, तिचं डोकं फुटत होतं. आम्ही बाया पुढे नाचत होतो. मीही होते.

आपण मुहपत्ती कशाला बांधतो? बोलताना तोंडाच्या वाफेने वाऱ्यातल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून. कितीतरी स्थानकवासी संत-सती आजही माईकसमोर बोलत नाहीत. त्यांचं व्याख्यान ऐकायचं तर पुढे सरकून, गप्प बसून ऐकावं लागतं. आणि त्याच मुहपत्तीवाल्यांच्या पोरीसाठी भिंती हलवणारे स्पीकर? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. डेसिबलचं गणित फसवं असतं, दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट. ५५ वरून १०५ वर गेलं तर दुप्पट नाही, एक लाखपट. वहीखात्यात इतकी चूक केली असती तर आमच्या सासऱ्यांनी दुकानात पाय ठेवू दिला नसता.

फर्दापूरला उतरून अजिंठ्याची लेणी पाहायला आपण पाहुण्यांना नेतोच. एकदा गर्दी नसताना चैत्यगृहात उभं राहून हळूच ‘ॐ’ म्हणून बघा. दगड तो किती वेळ धरून ठेवतो! लेणं बौद्धांचं, पण तुमचा आवाज परत देताना ते काही विचारत नाही. ट्रॉलीची गरज नाही.

कुणी म्हणेल, ताई, आमचा आवाज चांगला नाही, सूर लागत नाही. कुणी मागितलाय सूर? सासूबाईंचा आवाज फाटका होता. प्रतिक्रमणात त्या नेहमी अर्धं पद मागे असायच्या आणि सगळ्या त्यांच्यासाठी थांबायच्या.

येत्या चातुर्मासाच्या मंडळाच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. पारण्याच्या वरघोड्याला डीजे नाही. आणि शिबिराच्या पैशांऐवजी दर मंगळवारी दुपारी तीन ते चार स्थानकात पाठांतर. फोन चपलांपाशी, पिशवीत. सेक्रेटरीबाई आधीच म्हणाल्या, ‘मंगळवारी कोण येणार हो?’ मी म्हटलं, दोघी आलो तरी बसू. चौथी गाथा आता मला येते, आणि एखादीला अडलं तर पुढचा शब्द देता येईल.