नायट्याची ट्यूब आणि गोरेपणा

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात घाम सुकत नाही. मग जांघेत, काखेत, कमरेला नायटा उठतो. आपण मेडिकलमधून ट्यूब आणतो, दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध गुणकारी ठरते. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. ते खाज दाबते. बुरशी मात्र पसरत राहते.

जयंती तोंडावर आली की हीच ट्यूब मुली उजळपणासाठी चेहऱ्यालाही लावतात. कातडी पातळ होते, उन्हात तोंड भाजल्यासारखे होते. (गोरे व्हायचेच कशाला, हे आम्ही विचारणारच.)

२०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती सर्रास मिळतात, कारण आपल्या वस्तीत विचारणारे कोणी नाही. आता आपणच विचारू या.

सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. घरात ज्यांना ज्यांना नायटा आहे, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. डाग गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. टॉवेल वेगळे ठेवा. नळाला दिवसाआड पाणी येते तिथे दोनदा आंघोळ करा म्हणणे सोपे आहे. निदान कामावरून आल्यावर तांब्याभर पाण्याने घाम धुऊन अंग कोरडे करा, सुती कपडा घाला.