सटवाई नव्हे, मुकादमाची वही



माझी मावशी उसाच्या फडात बाळंत झाली. कोपीत. नाळ टोळीतल्याच बाईनं कापली. पाचव्या दिवशी मावशी परत फडात, डोक्यावर मोळी. मुकादमाची उचल अंगावर, खाडा पडला की दंड. सातव्या दिवशी लेकरू गार पडलं. माती दिली, अन् सगळे म्हणाले, सटवाईनं कपाळावर एवढंच लिहिलं होतं.

मी गिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. शाळा नववीत सुटली. पण एवढं कळतं, सटवाईला लिहिता येत नाही. लिहितो मुकादम. त्याच्या वहीत उचल आहे, खाडा आहे, दंड आहे. बाळंतपणाचा रकाना नाही.

कपाळावरचं लिहिलेलं पुसता येतं, हे गडचिरोलीनं दाखवलं. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवलं : बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुदोष कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचं. नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ होते, १९९८ पर्यंत २५ च्या आसपास आले. १९९९ ला 'लॅन्सेट'नं ते छापलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, पार बेचाळिसाव्या दिवसापर्यंत.

घरी. पण कोपीला घर कोण म्हणतो? आशाची यादी गावाची, टोळी कुठल्याच गावाची नाही. बीडची बाई सोलापूरच्या फडात आली की तिकडच्या यादीतून जाते अन् इकडच्या यादीत येत नाही.

२८ जुलै १९२८. बाबासाहेब मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी अन् नंतर विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं, त्याचा भार सरकारनं उचलावा, हा त्यांचा मुद्दा. १९२९ ला कायदा झाला, पण कारखान्यातल्या बाईपुरता. २०१७ ला पगारी रजा २६ आठवडे झाली. नोकरीवाल्या बाईला मिळते, मिळालीच पाहिजे. कोयतेवालीला काय? दंड!

अन् आपण? चौदा एप्रिलला डीजे लावतो. इथं जुळे सोलापुरात रात्रपाळीहून येताना उसाच्या गाड्या दिसतात. वर ऊस, उसावर बाई, बाईच्या पोटात लेकरू. आपण तिला 'जय भीम' तरी घातला का?

जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्याला कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचं ठरलं. त्या पैशातून बाळंतिणीची मजुरी मागा. भीक नव्हे, हक्क.

अन् मागण्याआधी मोजा. हंगामात चार पोरं, एक टोळी, एक वही. किती बाया पोटुशी, कितवा महिना, ही यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर आपटा. बाळंतपण झालं की आशाताईला कोपीपर्यंत आणा.

मुकादमाच्या वहीसमोर आपली वही उघडा. सटवाईला रजा द्या.

जय भीम.